पहिल्या गोधडीचं सामान

१० एप्रिल
भाचीला जूनमध्ये बाळ होईल. त्याचं दुपटं तिला स्वतःच्या हातानं शिवायचं आहे. आज ती सामानाची यादीच घेऊन आली. गोल पात्याचं कटर, त्याखाली ठेवायची मॅट, अ‍ॅक्रिलिकची जाड पट्टी, कापड ताणून धरायची लाकडी चौकट, मध्ये भरायची तयार बॅटिंग. यातलं काहीच वाईट नाही. गोल पात्याचं कटर जपानच्या ओल्फा कंपनीनं १९७९ मध्ये आणलं आणि मशीनवर तुकडे जोडणाऱ्यांचे कितीतरी तास वाचले. पण कटर घेतलं की मॅट आली, मॅटपाठोपाठ पट्टी आली. हातानं गोधडी शिवायला यातलं एकही लागत नाही. आपल्या गोधडीच्या पोटात जुनं कापडच असतं, त्यामुळे बॅटिंगही नको. सासूबाईंनी यादी पाहिली आणि म्हणाल्या, "आधी कपाट उघड गं. दुकान कुठं पळून जातंय?"

१२ एप्रिल
आज कपाट उपसलं. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर भरते. तिचे तीन सारखे भाग केले की सहा फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असे तीन थर मिळतात, म्हणजे एका माणसाच्या गोधडीचं पोट तयार. नऊवारीचे असेच चार थर होतात. दुपट्याला अर्धी साडी पुरते. तिचे तीन-तीन फुटांचे तीन थर निघतात. वरून आणि खालून एकेक कापड लावलं की पाच थर झाले. याहून जाड केलं तर नव्या हाताला सुई ओढवत नाही.

कापड निवडताना सासूबाईंनी तिला तीन गोष्टी करायला लावल्या. साडी खिडकीशी धरून उजेडात पाहायची, म्हणजे विरलेली जागा लगेच दिसते. ओला पांढरा रुमाल घासून पाहायचा. रंग लागला तर ते कापड बाळासाठी घ्यायचं नाही. सुताबद्दल शंका आली तर एक धागा काढून ताटलीत जाळायचा. सुती धागा कागदासारखा वास देत जळतो आणि त्याची भुसभुशीत राख उरते. मिश्र किंवा कृत्रिम धागा आक्रसतो आणि त्याचा कडक मणी होतो. वरच्या तुकड्यांसाठी नवं सुती कापड आणलंय. तेही रात्रभर भिजवून, वाळवून मगच वापरायचं. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटतं, जुनं आटत नाही आणि गोधडीला चुण्या पडतात.

१५ एप्रिल
आज बाजारात गेलो. पैसे खर्च करायचे ते इथंच.

सुया: पाकिटावरचा नंबर जसा वाढतो तशी सुई बारीक होत जाते. अशा पाच थरांना सहा ते आठ नंबरची सुई बरी पडते. फार बारीक सुई वाकते. दाभण पोत्याला ठीक, साडीला त्याची भोकं पडतात. लांब सुईपेक्षा आखूड सुई हातात नीट बसते आणि टाकाही बारीक येतो.

दोरा: सुतीच घ्यायचा. पॉलिस्टरचा दोरा जुन्या साडीपेक्षा दणकट असतो. ताण आला की दोरा टिकतो आणि कापड फाटतं. दोरा तुटला तर पुन्हा टाका घालता येतो, फाटलेलं कापड मात्र पहिल्यासारखं होत नाही.

कात्री: एक मोठी, ती फक्त कापडासाठी. कागद कापला की तिची धार जाते. दोरे कापायला एक छोटी.

अंगुस्तान: हे बोटाच्या मापाचं हवं. सैल असलं की गळून पडतं, घट्ट असलं की बोट दुखतं. भाचीनं मधल्या बोटावर पाच-सहा घालून पाहिली, मग एक घेतलं.

याखेरीज शिंप्याचा खडू, मापाची टेप, सेफ्टी पिना आणि मेणाचा एक तुकडा. पिशवीत एवढंच.

१८ एप्रिल
थर घातले. फरशी पुसून कोरडी केली, खालचं कापड उलटं पसरलं आणि चारही कोपऱ्यांवर पाट ठेवले. एकेक थर तळव्यानं मधून कडेकडे सपाट केला. मग मोठ्या टाक्यांनी कच्चा दोरा घातला, तोही मध्यापासून बाहेर. सुरकुती आत अडकली तर ती कायमची राहते. मध्यापासून निघालं की ती कडेनं बाहेर पडते.

पिना किती लावल्या ते भाचीनं वहीत लिहून ठेवलंय. बाळाच्या पांघरुणात पिन राहून चालणार नाही. काढताना आकडा जुळायलाच हवा. रोज काम थांबवताना कापडावरून लोहचुंबक फिरवायचं, हे सासूबाईंनी तिला बजावलं.

२२ एप्रिल
खरी शिवण सुरू झाली. दोरा एक हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे अठरा इंच. यापेक्षा लांब घेतला तर गुंततो आणि कापडातून ओढून ओढून विरतो. मेणावरून एकदा ओढला की तो पीळ सोडत नाही. गाठ थरांच्या मध्ये लपवायची. डावा हात खाली ठेवायचा, सुईचं टोक तिथल्या बोटाला लागलं की ती वर वळवायची आणि अंगुस्तानानं मागून रेटायची. असे तीन-चार टाके सुईवर घेऊन एकदम दोरा ओढायचा. कडेपासून चौकोनी फेरे घालत आत यायचं आणि दोन ओळींत एक बोट अंतर ठेवायचं.

उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका कवंदी नावाची त्यांची गोधडी अशीच कडेकडून आत शिवत येतात आणि कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांचं 'फूल' लावतात. सामान तेच, सुई, दोरा आणि वापरून मऊ झालेले कपडे. ते फूल पाहण्याजोगं असतं.

२६ एप्रिल
भाचीचे टाके अजून लहानमोठे पडतात, पण ओळ सरळ चालली आहे. पाचही थर एकमेकांना धरून आहेत. हात बसला की टाके आपोआप सारखे होतील. ते बळजबरीनं सारखे करायला जाऊ नये.

आज तिच्या दोन मैत्रिणींनी काय काय घ्यावं म्हणून विचारलं. त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहून ठेवते. चांगली सुई, सुती दोरा, मापाचं अंगुस्तान आणि धारदार कात्री. यात काटकसर करू नका. कापड घरात आहे. चौकट, कटर, मशीन यांचा विचार पहिली गोधडी पुरी झाल्यावर करा. तोवर आपल्याला काय लागतं ते आपल्या हातालाच कळलेलं असेल. आणि सुरुवात दुपट्यानं करा. ते लहान असतं, म्हणून पुरं होतं.