कोरें पान

आमच्या सासूबाईंची हिशेबाची वही हा आमच्या घरांत पुष्कळ दिवस थट्टेचा विषय होता. गेलीं चाळीस वर्षें त्या रोज रात्रीं जेवणें आटोपल्यावर दिवसाचा खर्च लिहितात. आणि ज्या दिवशीं एक पैसाहि खर्च झाला नसेल त्या दिवशींहि तारीख घालून "आज खर्च नाहीं" एवढें लिहिल्यावांचून त्यांचा दिवस सरत नाहीं. लग्न होऊन मी नवीनच आलें होतें, तेव्हां एकदां हंसून विचारलें, "आई, खर्चच नाहीं तर लिहायचं तें काय?" त्यांनीं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलें व म्हणाल्या, "अगं, पान कोरं सोडलं तर पुढें वाचणाऱ्याला काय कळणार? खर्च झाला नाहीं, कीं लिहायचं राहिलं?" त्या वेळीं मला ही त्यांची एक लहर वाटली. तिच्यांतलें मर्म उमजण्यासाठीं मला माझ्या नोकरींत चांगलाच फटका बसावा लागला.

माझी नोकरी म्हणजेहि एका परीनें हिशेबाच्या वह्या सांभाळण्याचीच आहे. पुण्यांतील एका कंपनींत मी संगणकांच्या नोंदींची, म्हणजे लॉगांची, व्यवस्था पाहतें. कोणताहि सर्व्हर काम करतांना क्षणोक्षणीं लिहीत असतो: मागणी कोणी केली, किती वाजतां केली, ती पुरी झाली कीं फसली. परंतु प्रत्येकाची लिहिण्याची तऱ्हा निराळी. सिसलॉग या जुन्या पद्धतीचें जें वर्णन २००१ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांतील नोंदींत महिना, दिवस व वेळ असे. वर्ष मात्र नसे! तें वाचणाऱ्यानें समजून घ्यावयाचें. अशा नाना तऱ्हांच्या नोंदी गोळा करणें, त्यांचे तुकडे पाडणें, प्रत्येक तुकड्याला नांव देणें आणि शोधतां येतील अशा रीतीनें त्या एके ठिकाणीं रचून ठेवणें, हें काम जी यंत्रणा करते तिला पाइपलाइन म्हणतात. आमच्याकडे त्यासाठीं लॉगस्टॅश नांवाचें सॉफ्टवेअर होतें. रचलेल्या नोंदींतून फसलेल्या मागण्या मोजावयाच्या, आणि त्यांचा आंकडा वाढला कीं अलर्ट वाजवून रात्रपाळीच्या माणसास सावध करावयाचें, अशी योजना होती.

चालतें आहे तें चालूं द्यावें, हा संसारांतला शहाणपणा या धंद्यांत उपयोगीं पडत नाहीं. डिसेंबर २०२१ मध्यें लॉगफोरजे या घटकांत एक भयंकर छिद्र सांपडलें. हा घटक जावा भाषेंतील कार्यक्रमांत नोंदी लिहिण्यासाठींच जगभर वापरला जातो. बाहेरच्या एखाद्यानें विशिष्ट मजकूर नोंदींत पडेल असें केलें, कीं त्याला सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवितां यावी, असा तो प्रकार होता. ठिकठिकाणीं लोकांना रातोरात आवृत्त्या बदलाव्या लागल्या. दुरुस्तीवरहि पुन्हां दुरुस्त्या निघाल्या. जे वर्षानुवर्षें जुन्यावरच बसून राहिले होते त्यांची त्रेधा उडाली. तेव्हांपासून आम्हींहि ठरविलें, कीं मागें म्हणून राहावयाचें नाहीं.

२०२३ च्या पावसाळ्यांत लॉगस्टॅशची सातवी आवृत्ति काढून आठवी घालण्याचें काम माझ्याकडे आलें. आधीं ७.१७ पर्यंत यावें व तेथून आठव्या आवृत्तीकडे जावें, हा क्रम मीं नीट पाळला. शनिवारीं संध्याकाळीं काम उरकलें. नोंदी सुरळीत येत होत्या. तक्रार कोठें दिसत नव्हती. मी समाधानानें घरीं आलें.

परंतु आठव्या आवृत्तींत तुकड्यांना द्यावयाचीं नांवें बदललीं होतीं. संकेतस्थळाच्या नोंदींतील उत्तराचा क्रमांक पूर्वीं 'रिस्पॉन्स' या नांवाखालीं पडे. तो आतां 'एचटीटीपी' या कप्प्याच्या आंतल्या 'रिस्पॉन्स'मध्यें 'स्टेटस कोड' म्हणून पडूं लागला. हें कांहीं गुपित नव्हतें. सोबतच्या सूचनांत तें स्पष्ट लिहिलेलें होतें, आणि जुनीं नांवें कायम ठेवण्याची सोयहि दिलेली होती. मींच तें पान वरवर चाळलें होतें. आमचा अलर्ट बिचारा जुन्या नांवाच्या रिकाम्या घरापुढें उभा राहून चुका मोजीत होता, आणि उत्तर येत होतें शून्य.

त्याच रात्रीं दोन वाजतां औषधांच्या मागण्या घेणारें एक संकेतस्थळ बिघडलें. सकाळीं नऊपर्यंत प्रत्येक मागणी परत फिरत होती. कोणाची रक्तदाबाची गोळी, कोणाचें इन्सुलिन. शेवटीं एका त्रासलेल्या माणसाच्या फोनानें आम्हांला जाग आली.

सोमवारच्या बैठकींत रात्रपाळीच्या मुलाला सर्वांदेखत विचारण्यांत आलें, "तूं झोंपला होतास काय?" तो नोकरीवर नवीनच होता. खालीं मान घालून बसला. अलर्ट कां वाजला नाहीं हें मला रविवारीं रात्रींच कळून चुकलें होतें. परंतु त्या क्षणीं माझ्या तोंडून शब्द फुटला नाहीं. बैठक संपली. अलर्टचें गप्प राहणें आणि माझें गप्प राहणें यांत फरक एवढाच, कीं अलर्टला कांहीं ठाऊक नव्हतें.

त्या रात्रीं सासूबाई नेहमींप्रमाणें वही घेऊन बसल्या होत्या. "आज खर्च नाहीं" ही ओळ त्यांनीं माझ्यासमोर लिहिली, आणि मला तेथें बसवेना. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं सर्वांना पत्र लिहून चूक माझी असल्याचें कळविलें, व त्या मुलाची क्षमा मागितली. तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलं होतं, खरंच माझा डोळा लागला असावा." आपल्या मौनानें एखाद्याचा स्वतःवरचा विश्वास किती सहज हिरावला जातो, हें मला त्या एका वाक्यानें शिकविलें.

आतां आमची पाइपलाइन दर साठ सेकंदांनीं "मी आहे" अशी एक नोंद आपण होऊन लिहिते. ती चुकली कीं अलर्ट वाजतो. फसलेल्या मागण्यांबरोबर पुऱ्या झालेल्याहि मोजल्या जातात. दोन्ही आंकडे शून्य आले तर तें कुशल समजावयाचें नाहीं. नवी आवृत्ति आठवडाभर जुनीच्या शेजारीं चालवून दोघींचा हिशेब ताडून पाहतों, आणि मग मुद्दाम एक चूक घडवून अलर्ट वाजतो कीं नाहीं याची खात्री करून घेतों.

हें सारें मीं सासूबाईंना सांगितलें तेव्हां त्या शांतपणें म्हणाल्या, "म्हणजे तुझं यंत्रहि आतां 'आज खर्च नाहीं' असं लिहायला लागलं म्हण कीं!" तेव्हांपासून आमच्या घरांत त्या वहीची थट्टा कोणी करीत नाहीं.