काशींतील भांगेचें दुकान

काशीयात्रेचीं वर्णनें मराठींत पुष्कळ झालीं आहेत. घाट, देवालयें, पंचक्रोशी, गंगेची सायंकाळची आरती यांविषयीं आतां नवें काय लिहावें, असाच लेखकास प्रश्न पडावा. तरीहि या बहुतेक वर्णनांतून एक गोष्ट वगळलेली आढळते. गोदौलियाचा चौक, दशाश्वमेधाचा रस्ता, ठठेरी बाजाराकडील गल्ल्या या भागांत दोन दिवस हिंडणाऱ्या यात्रेकरूच्या ती दृष्टीस पडल्यावांचून सहसा राहत नाहीं. मुलें तिच्याविषयीं प्रश्न विचारतात, आणि वडील माणसें तो प्रश्न ऐकूंच न आल्यासारखें दाखवून पुढें चालूं लागतात. ती गोष्ट म्हणजे सरकारी परवान्यानें चालणारें भांगेचें दुकान.

हें मौन आपणांस सोयीचें वाटतें, पण तें हिताचें नाहीं. एकत्र कुटुंबांतील मंडळी यात्रेस निघते तेव्हां तींत सत्तरी उलटलेले आजोबा असतात, अंगावर पाजणारी सून असते, कॉलेजांत जाणारा नातू असतो. आणि यांपैकीं कोणाच्या ना कोणाच्या हातीं थंडाईचा पेला येतोच. त्या पेल्यांत काय आहे, किती आहे, आणि कायद्याची संमति त्यास कोठवर आहे, हें ज्यास ठाऊक आहे तो विचारानें घेईल किंवा विचारानें नाकारील. ज्यास ठाऊक नाहीं तो निव्वळ संकोचापोटीं पिऊन टाकील. म्हणून या दुकानाचीच थोडी हकीकत येथें देण्याचें योजिलें आहे.

मुंबई-पुण्याच्या मानानें काशी हें मध्यम शहर म्हटलें पाहिजे. २०११ च्या खानेसुमारींत तेथील वस्ती सुमारें बारा लक्ष भरली. मराठी माणसास तें परकें नाहीं. विश्वेश्वराचें सध्यांचें देवालय अहिल्याबाई होळकरांनीं १७८० सालीं बांधविलें. शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास आलेले गागाभट्ट काशीचेच. दुर्गाघाट व ब्रह्माघाट या बाजूस तर मराठी ब्राह्मणांची वस्ती कित्येक पिढ्यांपासून आहे. अशा या शहराच्या जुन्या जीवनांत भांगेला जें स्थान होतें तें समजून घेतल्यावांचून आजच्या दुकानाचा अर्थ कळावयाचा नाहीं.

बनारसी मनुष्याच्या जुन्या दिनचर्येंत 'बहरी अलंग' नांवाचा एक प्रकार असे. नावेंत बसून गंगेच्या पैलतीरच्या वाळवंटांत जावयाचें, तेथें भांग वाटावयाची, अंगाला तेल चोळून स्नान करावयाचें, आणि गाण्यागप्पांत वेळ घालवून सायंकाळीं परतावयाचें, असा त्याचा क्रम. वाटण्याचें काम पाट्यावरवंट्यावर, म्हणजे तिकडच्या भाषेंत सिल-बट्ट्यावर, सावकाश चाले. पानें आधीं भिजवून, पुन्हां पुन्हां धुवून, मग वाटलीं जात. बदाम, बडिशेप, मिरीं, खसखस, वेलदोडे, गुलाबाच्या पाकळ्या यांचें वाटण दुधांत कालवून गाळलें कीं थंडाई होते. तींत ही वाटलेली भांग मिसळली कीं बनारसी माणूस तिला लाडानें 'बूटी' म्हणतो. महाशिवरात्र, फाल्गुन शुद्ध पक्षांतील रंगभरी एकादशी आणि होळी हे तिचे मोठे दिवस.

या सर्व प्रकारांत एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. जो वाटीत असे त्यास पान ठाऊक असे, आणि जो पिणार त्याची प्रकृतीहि ठाऊक असे. हात ओळखीचा आणि माप ओळखीचें. त्या व्यसनास काय आळा होता तो एवढाच. आजच्या यात्रेकरूस हा ओळखीचा हात लाभत नाहीं. दुकानदार परका, गिऱ्हाईक परकें, आणि दोघांनाहि घाई. तेव्हां पूर्वीं जें काम शेजारीपाजारी करीत, तें आतां विकत घेणाराच्या विवेकानें केलें पाहिजे.

प्रथम वस्तूचा विचार करूं. भांग, गांजा आणि चरस हीं एकाच झाडाचीं तीन रूपें होत. भांग पानांची, गांजा मादी झाडाच्या फुलोऱ्याचा, आणि चरस म्हणजे त्या झाडाची राळ. आपल्या वैद्यकांत यालाच विजया हें नांव आहे. मादक अंश पानांत कमी आणि फुलोऱ्यांत व राळेंत फार अधिक असतो. कायद्यानेंहि हाच भेद धरिला आहे. १९८५ च्या मध्यवर्ती अंमली पदार्थ कायद्यांत गांजा व चरस यांस बंदी आहे. परंतु फुलोरा नसलेलीं नुसतीं पानें व बिया त्या व्याख्येंतून वगळलेल्या आहेत. म्हणून भांगेचें नियंत्रण प्रत्येक राज्याच्या हातीं राहिलें, आणि उत्तर प्रदेशांत अबकारी खातें तिच्या विक्रीचे परवाने देतें. काशींतल्या पाटीवरील 'सरकारी' या शब्दाचा अर्थ इतकाच. सरकारनें विक्रीस परवानगी दिली आहे. मालाच्या तीव्रतेची किंवा घेणाराच्या प्रकृतीची हमी दिलेली नाहीं.

परवान्याची ही पद्धति आजकालची नाहीं. १८९३ सालीं हिंदुस्थान सरकारनें या तिन्ही पदार्थांच्या चौकशीसाठीं सात सभासदांचें एक कमिशन नेमिलें. डब्ल्यू. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष होते, आणि सभासदांत तिघे हिंदी गृहस्थ होते. अकराशें त्र्याण्णव साक्षीदारांचें म्हणणें विचारांत घेऊन १८९४ त त्यांनीं असा अभिप्राय दिला कीं, मित सेवनानें बहुधा अपाय होत नाहीं, अतिसेवनानें होतो. म्हणून सरसकट बंदी न करितां परवाना व कर यांनीं आळा घालावा. या निर्णयाचा पूर्वार्ध सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. उत्तरार्ध मात्र ते सोयीनें विसरतात. शिवाय प्रकृतीवरील परिणामांचें ज्ञान त्या काळापेक्षां आज पुष्कळच वाढलें आहे.

आतां दुकानाकडे वळूं. तेथें माल साधारणतः तीन रूपांत असतो : सुकीं पानें, वाटलेल्या पानांचा हिरवा गोळा, आणि वेष्टनांत बांधलेल्या काळसर गोळ्या, ज्यांस 'मुनक्का' असें निरुपद्रवी नांव मिळालें आहे. या शेवटच्या प्रकाराबद्दल मुलांस आवर्जून सांगून ठेवावें, कारण नांवावरून तो मनुकांचाच खाऊ वाटतो. ज्यास घ्यावयाचेंच आहे त्यानें परवान्याची पाटी असलेल्या दुकानावांचून दुसरीकडे कोठेंहि घेऊं नये. घाटावर किंवा नावेंत हलक्या आवाजांत विचारणारे जे लोक भेटतात, ते बहुधा भांग विकीत नाहींत. गांजा किंवा चरस विकतात, आणि तो उघड गुन्हा आहे. एक किलोपर्यंतचा गांजा कायद्याच्या भाषेंत 'अल्प' गणला जातो खरा, पण त्या अल्पासहि एक वर्षापर्यंत सक्तमजुरीची कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

मिठाई, लस्सी, लाडू अशा मिश्र स्वरूपांत भांग घेणें सर्वांत अविचाराचें. वाटलेला साधा गोळा निदान डोळ्यांस दिसतो. मिठाईंत तो किती आहे हें करणारासहि नेमकें सांगतां येत नाहीं. त्यांतहि दुसरें एक भय आहे. अंमल लवकर चढावा म्हणून भांगेंत धोतऱ्याचें बीं मिसळण्याची वाईट चाल जुन्या काळापासून नमूद आहे. तोंड अतिशय कोरडें पडणें, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारणें, अंग तापणें आणि माणूस असंबद्ध बडबडूं लागणें हीं चिन्हें दिसलीं, तर तो भांगेचा अंमल समजून हंसण्यावारीं नेऊं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें. उत्तर प्रदेशांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते, आणि हिंदु विश्वविद्यालयाच्या आवारांत सर सुंदरलाल रुग्णालय आहे.

थंडाईच्या दुकानांची गोष्ट निराळी. ज्याच्यापाशीं थंडाईचें दुकान आहे त्याच्यापाशीं भांगेचा परवाना असतोच असें नाहीं. तेथें पेला मागतांना 'सादी' हा शब्द स्पष्ट उच्चारावा, आणि मुलांसाठीं व वृद्धांसाठीं घेतांना आपल्या देखत तयार करवून घ्यावी.

खरी अडचण मापाची आहे. धूर ओढला असतां अंमल मिनिटांत कळतो. पोटांत घेतलेली भांग मात्र अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत गप्प बसते, आणि मग सहा-आठ तास, कधीं त्याहूनहि अधिक, सोडीत नाहीं. यकृतांत तिचें रूपांतर होऊन अधिक तीव्र द्रव्य बनतें, हें त्याचें कारण. नवखा मनुष्य पहिल्या पेल्यानें कांहीं झालें नाहीं म्हणून तासाभरानें दुसरा घेतो, आणि मग दोन्ही पेले एकदम आपला हिशेब मागतात. भांगेनें घडणारे बहुतेक अनर्थ या दुसऱ्या पेल्याचे असतात.

या बाबतींत परदेशचें एक उदाहरण बोधप्रद आहे. कॅनडानें १७ ऑक्टोबर २०१८ पासून या पदार्थाची विक्री कायदेशीर केली. टोरोंटोकडे आपलीं मराठी कुटुंबें पुष्कळ आहेत. त्या ओंटॅरिओ प्रांतांत एकोणीस वर्षांखालील मनुष्यास तो विकतां येत नाहीं. प्रत्येक वेष्टनावर मादक द्रव्य किती मिलिग्रॅम आहे हें छापावें लागतें, खाण्याच्या पदार्थाच्या एका वेष्टनांत तें दहा मिलिग्रॅमपेक्षां अधिक असूं शकत नाहीं, आणि नवख्यानें अडीच मिलिग्रॅमहून अधिक घेऊं नये असा तेथील सरकारचा उपदेश आहे. काशीच्या हिरव्या गोळ्यावर असा आंकडा नसतो. पान कोणत्या हंगामाचें, किती धुतलेलें, किती वाटलेलें यावर त्याची तीव्रता अवलंबून. आणि दुकानदार ज्यास 'हल्की' म्हणतो तें माप रोजच्या गिऱ्हाइकाचें असतें. आंकडा नाहीं तेथें सावधपणा हेंच माप. प्रकृतीनें निकोप अशा प्रौढ माणसानें घ्यावयाचीच ठरविली, तर त्या हलक्या मापाच्याहि चतुर्थांशापुढें जाऊं नये, आणि त्या दिवशीं पुन्हां घेऊं नये.

स्थळाचाहि विचार हवा. काशीचे घाट म्हणजे उंच, झिजलेल्या, ओल्या पायऱ्या. जेथें शुद्धीवरच्या माणसाचाहि पाय घसरतो, तेथें अंमल चढलेल्या माणसानें उतरणें किंवा नावेंत बसणें हें जिवावरचें काम आहे. बिऱ्हाडीं, दिवसाउजेडीं, आणि स्वतः न घेतलेलें एक शहाणें माणूस जवळ असतां जें होईल तें होवो. वाहन चालविणें आणि वर मद्य घेणें हीं तर सर्वस्वीं वर्ज्य होत.

कांहीं माणसांनीं मात्र थेंबभरहि घेऊं नये. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया. मुलें आणि ज्यांच्या मेंदूची वाढ अजून चालू आहे असे तरुण. हृदयविकाराचे रोगी, कारण भांगेनें नाडी जलद होते आणि उठतांना रक्तदाब उतरून भोंवळ येते. रक्त पातळ राखण्याचीं किंवा झोंपेचीं औषधें घेणारे. आणि ज्यांच्या स्वतःस किंवा घराण्यांत मानसिक आजार झालेला आहे असे. एवढीं नांवें वगळल्यावर यात्रेच्या मंडळींत फारच थोडीं माणसें उरतात, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.

अडचण येते ती 'प्रसाद' या शब्दापाशीं. शंकराचा प्रसाद म्हणून पुढें केलेला पेला नाकारणें म्हणजे देवाचा अव्हेर, असें आपल्या घरांतील भाविक माणसांस वाटतें, आणि घरच्या सुनेला तर आग्रहापुढें बोलतांच येत नाहीं. पण प्रसाद मस्तकीं लावून परत ठेवण्याची रीत आपल्याकडे आहेच. उपवासाच्या दिवशीं आपण पक्वान्नाचा प्रसाद कपाळीं लावून दुसऱ्यास देतों, त्यांत देवाचा अपमान झाला असें कोणी म्हणत नाहीं. तीच रीत येथें पुरेशी आहे. घरांतल्या कर्त्या माणसानें तो पेला स्वतः पुढें होऊन नमस्कारपूर्वक परत केला, कीं बाकीच्यांचा संकोच आपोआप सुटतो.

शेवटची गोष्ट परतीच्या प्रवासाची. काशीचा परवाना काशीपुरता. गंगाजलाच्या गडूबरोबर पुडाभर भांग गंमत म्हणून आणणारे लोक आहेत. गाडी बुऱ्हाणपूर मागें टाकून महाराष्ट्रांत शिरली कीं तीच पुडी गुन्ह्याची वस्तु होते, कारण १९४९ चा दारूबंदीचा कायदा आपल्या राज्यांत भांगेसहि लागू आहे, आणि परवान्यावांचून ती जवळ बाळगणें हा अपराध आहे. तेथें विकत घेतल्याची पावती येथें बचाव म्हणून चालत नाहीं.

काशीस भांग आहे म्हणून काशी उणी होत नाहीं, आणि भांग चाखिली नाहीं म्हणून यात्राहि अपुरी राहत नाहीं. तिकिटें काढतांना घरांत ज्याप्रमाणें थंडीच्या कपड्यांचा आणि आजोबांच्या औषधांचा विचार होतो, त्याचप्रमाणें या पेल्याविषयींहि दोन शब्द मोकळेपणानें बोलले जावेत. नातवानें विचारलेल्या प्रश्नास घरीं उत्तर मिळालें, तर तो तें घाटावरच्या अनोळखी माणसाकडून मिळवावयास जाणार नाहीं.