शिशाचे चिलखत

जालन्याचे नाव निघाले की जुनी मंडळी 'सोने का पालना' म्हणतात. आम्हांस मात्र या गावाचे सोने म्हणजे एमआयडीसीतील तापलेले लोखंड, असेच वाटत आले आहे. ठिकठिकाणचे भंगार येथील भट्ट्यांत वितळते आणि घरबांधणीच्या सळया होऊन बाहेर पडते. आमचा पुतण्या अशाच एका कारखान्यात आहे. सूनबाई एका रुग्णालयात क्ष-किरण विभाग सांभाळते. एकाचा दिवस भट्टीपुढे, दुसरीचा किरणांपाशी. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असेल, अशी शंका आम्हांस गेल्या श्रावणापर्यंत शिवलीही नव्हती.

त्या महिन्यात सूनबाईस पाचवा लागला होता. एके सायंकाळी ती अगदी गप्प होती. तिला अंगावर घालावा लागणारा शिशाचा झगा कोणीतरी नेहमी घडी घालून ठेवी. घडीवर आतल्या शिशास चीर जाते. वरचे कापड धड असल्यामुळे ती दिसत नाही. तिने तो झगाच यंत्राखाली ठेवून त्याचे चित्र काढले, तो कमरेपाशी वीतभर काळी रेघ उमटली. वरिष्ठांस दाखविले, तर 'पुढील वर्षी पाहू' हे उत्तर.

पुतण्याने हे ऐकले आणि रागावण्याऐवजी शिकवणीच आरंभिली. स्वभावास औषध नाही. किरण अडविण्यास वस्तू जड हवी, हा समज त्याच्या मते अर्धाच खरा. किरणांची शक्ती एका ठरावीक मर्यादेस पोहोचली की प्रत्येक मूलद्रव्यास एकदम भूक लागते. तोवर ते बेताचेच खाते. शिशाची ही भूक ८८ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टला जागते, आणि रुग्णालयातील पुष्कळसे क्ष-किरण त्याहून दुबळे असतात. गॅडोलिनियम नावाच्या धातूची भूक ५० हजारांवरच जागते. या दोन आकड्यांमधील किरणांपुढे, वजनास वजन धरले तर, तो शिशाहून सरस ठरतो. हा धातू दुर्मिळ मृत्तिकांच्या कुळातला. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूत हे कूळ सापडते, आणि त्याच वाळूतील थोरियम स्वतःच किरणे टाकीत असते! ढाल निघते ती अशा घरातून.

या धातूंचे भस्म, म्हणजे ऑक्साइड, ॲल्युमिनियमसारख्या हलक्या धातूत मिसळावयाचे, हा पुतण्याच्या प्रबंधाचा विषय होता. मातीच्या भिंतीस भुसा जसा बळकटी देतो, तसे हे कण धातूसही देतात. मात्र ते सारखे पसरले पाहिजेत. वितळलेला धातू या भस्मास सहजी भिजवीत नाही. पीठ एकदम उकळत्या पाण्यात लोटल्यावर पिठल्याची जी गत होते, तीच येथे. गुठळीपाशी पत्रा तडकतो आणि गुठळ्यांमधल्या मोकळ्या जागेतून किरण निसटतो. म्हणून दोन्ही भुकट्या पोलादी गोळ्यांच्या पिंपात तासन्‌तास घोटतात, दाबतात आणि मग भाजतात. प्रथम त्याने लँथॅनमचे भस्म घेतले होते. उघड्या बरणीतल्या त्याच्या वड्या पावसाळी हवेत चुनकळीसारख्या फुगून भुगा झाल्या. "पापडाच्या डब्यात तरी ठेवायच्या होत्यास," असा शेरा आमच्या सौभाग्यवतींनी मारला.

"मग भाऊजी, मला असा झगा केव्हा शिवून देता?" सूनबाईने विचारले. पुतण्या ओशाळला. पत्रा पेटीस वा दारास चालेल. अंगावर घालण्यासाठी अशी भस्मे रबरात मळावी लागतात. आणि भट्टीच्या दारात येणाऱ्या संकटापुढे तर ही युक्ती लंगडीच पडते. कोबाल्ट-६० च्या किरणांची शक्ती दहा लाखांहून अधिक. तेथे कोणाची खास भूक कामास येत नाही, जाडी आणि वजनच हवे. १९८३ च्या अखेरीस मेक्सिकोतील हुआरेझ येथे रुग्णालयाचे जुने कोबाल्ट-यंत्र भंगारात गेले आणि त्यातील गोळ्या सळयांत उतरल्या. जानेवारी १९८४ मध्ये वाट चुकलेली एक लॉरी अमेरिकेतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या दारातील यंत्रावरून गेली, तेव्हा ते उघडकीस आले. पुढे शेकडो घरे पाडावी लागली. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत विद्यापीठाचे जुने यंत्र भंगारवाल्याकडे गेले आणि एक मजूर दगावला.

हे ऐकताना आमची दृष्टी अंगणाकडे गेली. वरचा मजला चढविण्यासाठी आणलेल्या सळया तेथे रचलेल्या होत्या. पुतण्याच्या कारखान्याच्या फाटकावर तपासणीचे यंत्र आहे. पण ते बंद पडलेल्या एका रात्री त्याने भंगाराची गाडी पहाटेपर्यंत बाहेर उभी ठेवली आणि त्यापायी बोल खाल्ला, हे आम्हांस त्या दिवशीच कळले. गाडीत काहीही निघाले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने लेखी अर्ज दिला: नवा झगा येईपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. अर्जाची शुद्ध प्रत आम्हीच केली. पंधरवड्याने झगा आला. घडी नको, म्हणून तो टांगण्यासाठी पुतण्याने कारखान्यातून जाड सळईचा दांडा वाकवून आणला. सूनबाईने तो हाती घेण्यापूर्वी विचारले, "फाटकावरच्या यंत्रापुढून नेला होतात ना?"

"दोनदा," तो म्हणाला.