करी रोडची हवा

करी रोडला थंडी मुक्कामाला येत नाही. चहा घेऊन जाते, इतकेच. जानेवारीत एखाद्या पहाटे पारा पंधरा-सोळा अंशांवर उतरला, की आमच्या चाळीतली वडीलधारी मंडळी मफलर गुंडाळून गॅलरीत येतात आणि "यंदा कडाका आहे हो!" असे एकमेकांना बजावतात. नऊच्या सुमारास मफलर पुन्हा खुंटीवर. अशा गावचा ट्रक थंडीने आजारी पडला, असे कोणी मला सांगितले असते तर मी हसलो असतो. पण त्या ट्रकात मीच बसलो होतो.

करी रोडचा आणि रश्श्याचा काही संबंध नाही. 'करी' हे रेल्वेच्या एका साहेबाचे आडनाव. वास येतो तो लालबागच्या मसाल्याचा, आणि मिरच्या कुटण्याचे दिवस आले म्हणजे स्टेशनात उतरणारा नवखा माणूस शिंकतच बाहेर पडतो. पूल उतरून भारतमाता सिनेमाच्या दिशेने चालू लागले, की एके काळी गिरण्यांच्या भिंतीच भिंती दिसत. गिरण्या इथे आल्या त्याला एक कारण इथली हवाही होती. कापसाचा धागा कोरड्या हवेत तुटतो. त्याला ओल लागते. समुद्राकाठची ही दमट हवा त्याला मानवली. तेवढ्यानेही भागेना, म्हणून साचेखात्यात पाण्याचे तुषार सोडून हवा आणखी ओली ठेवीत. माणसे आत घामाने निथळत, पण धागा शाबूत राही.

आमच्या ड्रायव्हरमामांचे वडील अशाच एका साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आणि त्यांच्यासाठी गिरणीचा भोंगा पुन्हा वाजला नाही. मामा तेव्हा चौदा वर्षांचे. वर्षभरातच शाळा सोडून ते एका ट्रकवर क्लीनर म्हणून चढले. तेव्हापासून त्यांचे सारे आयुष्य गिअरच्या दांड्यावर हात ठेवून गेले आहे. म्हणूनच २०२२ साली मालकाने आपोआप गिअर पडणारा ट्रक घेतला, तेव्हा मामांचे तोंड आंबट झाले. "डाव्या पायाला काम नाही, भाऊ. पाय रिकामा बसला की मला झोप येते."

मी कुतूहलाने त्यांना सगळे विचारून घेतले होते. अशा ट्रकातली दातेरी चक्रे जुनीच, क्लचही जुनाच. फक्त क्लच दाबायला आणि गिअर सरकवायला माणसाच्या हातापायांऐवजी दाबलेली हवा असते. ब्रेकसाठी जो हवेचा पंप चालतो, तोच ही हवा टाक्यांत भरतो. कोणता गिअर केव्हा टाकायचा हे एक विजेची पेटी ठरवते, आणि तिच्या हुकमाने बारीक झडपा उघडतात, मिटतात. "म्हणजे तुमच्याऐवजी वारा गाडी चालवतो," असे मी म्हणालो. मामांना ते मुळीच आवडले नाही.

२०२३ च्या माघी गणेशाची ही गोष्ट. चतुर्थी २५ जानेवारीला होती. निफाडच्या पलीकडे माझी सासुरवाडी. तिथल्या मंडळाने मूर्ती आमच्या लालबागेतून घेतली होती, चांगली पाच फूट उंच, शाडूची. शाडू सावकाश वाळतो, घाई खपवून घेत नाही. रंगाचा शेवटचा हात फिरला तोच आदल्या दिवशी दुपारी. मूर्ती गवताच्या गादीवर बसवून, चहूबाजूंनी बांधून, रात्री नऊला आम्ही निघालो. मी, मामा आणि क्लीनर पोरगा.

भिवंडीपर्यंत गर्दी, पुढे सुखाचा रस्ता. कसारा घाटात त्या पेटीने गिअर असे बदलले की मूर्तीला धक्का म्हणून लागला नाही. मामा बराच वेळ गप्प होते; मग म्हणाले, "चालवतो बरा." इगतपुरीला काचा वर केल्या. निफाडच्या शिवारात शिरलो तेव्हा अडीच वाजले होते, आणि थंडी म्हणजे काय हे करी रोडच्या माणसाला प्रथमच समजले. महाराष्ट्रात हिवाळ्याचा नीचांक बहुतेक वेळा याच भागात नोंदला जातो. पारा पाच अंशांपर्यंत सहज उतरतो. द्राक्षाचे मणी अशा गारठ्यात तडकतात, म्हणून शेतकरी रात्री बागेत शेकोट्या पेटवून धूर करतात. चहूकडे ते लालसर ठिपके पाहत आम्ही एका बागेशेजारी ट्रक उभा केला. गाव दोन कोसांवर. सात वाजता वेशीवर बँड येणार होता.

साडेपाचला मामांनी किल्ली फिरवली. इंजिन एका हाकेला उठले. पण गिअर पडेना. समोरच्या पाटीवर 'एन' हे अक्षर लुकलुकत राहिले, म्हणजे गाडी मोकळीच. हवेचा काटा भरलेला, डिझेल आहे, सगळे आहे, आणि ट्रक जागचा हलत नाही.

मदतीच्या नंबरावर फोन केला. पलीकडच्या माणसाने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि गाडी गॅरेजला घेऊन या म्हणून सांगितले.

मग मंडळाची पोरे मोटारसायकलींवरून आली. "दाजी, ट्रॅक्टर आणतो, ओढून नेऊ!" मामांनी हात आडवा केला. दोराचा एक हिसका बसला तर शाडूला तडा. शिवाय मागचा शाफ्ट न सोडता गाडी ओढली, तर गिअरबॉक्समधली चक्रे तेलावाचून फिरतात. "आणि देवाला काय दोर बांधून आणणार?" हे कारण त्यांनी शेवटी सांगितले, पण त्यांच्या मनात तेच पहिले असावे.

ते खाली सरकले आणि हवेच्या टाकीची कडी ओढली. एरवी तिथून कोरडा फुस्स आवाज यावा. आले ते ताकासारखे पांढुरके पाणी! थुंकत, फेसाळत, ओंजळभर नव्हे, तांब्याभर. दुसऱ्या टाकीतूनही तेच. मामा बाहेर आले ते पोरावर ओरडत. "पाणी कधी काढलं होतंस रे?"

पोरगा हळूच म्हणाला, "मामा, मला वाटलं ऑटोमॅटिक आहे, म्हंजे हेही आपोआप होतं."

मामा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने मलाच म्हणाले, "त्याचं काय चुकलं? मी तरी कुठं पाहिलं? रुसून बसलो होतो ना गाडीवर."

हवा सुकवणारा डबा असतो, पण तो भिजून निकामी झाला की ओल पुढे सरकते. पंपाचे थोडे तेल तीत घुसळले जाते. मुंबईच्या उबेत ते मिश्रण पातळ राहते. गारठ्यात त्याचे लोणी होते आणि बारीक झडपा चिकटतात. लडाखात डिझेलच घट्ट होते. तिथल्यासाठी इंडियन ऑइलने २०१९ साली उणे ३३ अंशांपर्यंत न थिजणारे डिझेल काढले. त्या ड्रायव्हरांपुढे आमचे दुखणे म्हणजे साधी सर्दी. पण त्या पहाटे निफाडच्या काळ्या मातीवर आम्ही करी रोडचा एक अख्खा पावसाळा ओतला, हे खरे.

बागवानाच्या घरून पाणी तापून आले. गोणपाट त्यात बुडवून, घट्ट पिळून मामांनी झडपांच्या पेटीला गुंडाळले. निवाले की दुसरे. इंजिन चालू, काटा हळूहळू वर येत होता. लांबून बँडचा पहिला ठेका ऐकू आला. मामांनी चौथ्यांदा दांडा सरकवला. खालून 'ख्यास' असा श्वास निघाला आणि 'एन'च्या जागी आकडा उमटला. पोरांनी 'मोरया' म्हणून असा गजर केला की बागेतली पाखरे उठली. मामांनी मूर्तीकडे वळून पाहिले आणि मग पहिल्यांदा स्वतःचा मफलर शोधला.

परत आल्यावर डबा बदलला. आता रोज संध्याकाळी ट्रक आमच्या चाळीखाली लागला की पोरगा वाकून कडी ओढतो. पहिल्या दिवशी तो 'फुस्स' ऐकून शेजारच्या आजी कुकर बंद करायला स्वयंपाकघरात धावल्या होत्या.