काकांचा कळफलक

भोकरदन तालुक्यांतील धावडा हें आमचें गांव. तेथील घरांत अजून एकच चूल आहे, आणि घरांत वडीलधारे असे आतां थोरले काकाच उरले आहेत. शिक्षकी पेशांतून निवृत्त झाल्यावर, आजीच्या तोंडून वहींत उतरून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या संगणकावर टंकून ठेवण्याचें काम त्यांनीं हातीं घेतलें. निम्म्याहून अधिक काम झालें, आणि यंदाच्या उन्हाळ्यांत तो जुना संगणक मधूनमधून बंद पडूं लागला. नवा लॅपटॉप आला खरा. परंतु मराठी टंकलेखनाच्या त्या जुन्या प्रोग्रॅमची सीडी कोठेंच सांपडेना, आणि तो जेथून विकत घेतला तें दुकानही केव्हांच उठलेलें.

“फोल्डर उचलून इकडे ठेव, झालें!” असें काका म्हणाले. वाचकांपैकीं पुष्कळांस असेंच वाटत असेल. पण प्रोग्रॅम बसतेवेळीं आपलें बिऱ्हाड घरभर पसरतो: मुख्य फोल्डर एकीकडे, कांहीं डीएलएल फायली विंडोजच्या फोल्डरांत, फाँट तिसरीकडे, आणि या सर्वांची नोंद रजिस्ट्री नांवाच्या खातेवहींत. कांहीं साधे प्रोग्रॅम नुसते उचलून नेले तरी चालतात. आमचा त्यांतला नव्हता.

फाँट मात्र लागलीच आला, आणि जेथें रोमन अक्षरांचा काला दिसत होता तेथें आजीच्या ओव्या दिसूं लागल्या. त्या काळचे फाँट इंग्रजी अक्षराच्या जागीं देवनागरीचा तुकडा बसवीत, आणि कोणता तुकडा कोठें हें ज्याचें त्यानें ठरवावें! भारतीय लिप्यांसाठीं ‘इस्की’ हें प्रमाण १९९१ सालीं ठरलें, त्याच वर्षीं युनिकोडच्या पहिल्या आवृत्तींत देवनागरीही आली. तरी ही सवतीसुभ्याची रीत पुढें कित्येक वर्षें चालली. मला तरी हा हट्ट अनाठायीं वाटतो.

ओव्यांचें युनिकोड करतांना याचा प्रत्यय आला. ‘किती’मधील ऱ्हस्व वेलांटी जुन्या फाँटांत ‘क’च्या आधीं साठविलेली असते, युनिकोडमध्यें ‘क’च्या मागून येते. ‘सूर्य’मधील रफाराचें नेमकें उलट. प्रत्येक वेलांटी नि रफार जागेवरून हलवावा लागतो. तरी तें काम यंत्राचें, तें झालें.

ओव्या वांचल्या. प्रश्न राहिला काकांचा. त्यांचा हात टंकलेखनयंत्राच्या रेमिंग्टन कळफलकावर बसलेला, म्हणजे अर्ध्या अक्षराला काना जोडून पूर्ण अक्षर करण्याचा. विंडोजबरोबर येतो तो इन्स्क्रिप्ट. त्यांत स्वर डाव्या हाताला, व्यंजनें उजव्या. युनिकोडचा रेमिंग्टनही मिळतो. तो बसवून पाहिला, पण जोडाक्षरांच्या कांहीं कळा निराळ्या निघाल्या आणि काका ओळीओळीला अडखळूं लागले. त्यांची दृष्टि आतां फार मंद झाली आहे. “अरे, डोळ्यांना दिसत नाहीं तें बोटांना दिसतें,” असें ते म्हणत.

“काका, तुम्ही सांगा, मी टंकतों,” असें मीं म्हणून पाहिलें.

“आईनें मला सांगितल्या. लिहिणारही मीच.”

यापुढें बोलण्यास जागा नव्हती. शेवटीं सबंध हार्डडिस्कचीच प्रतिमा घेतली. डिस्क-टू-व्हीएचडी नांवाचें एक फुकट साधन चालत्या विंडोज एक्सपीची अशी नक्कल करून देतें, आणि ती नक्कल व्हर्च्युअलबॉक्समध्यें उघडली कीं नव्या संगणकाच्या पोटांत जुना संगणक जसाच्या तसा चालूं लागतो. जुनें यंत्र अजीबात मरण्यापूर्वीं हें करावयास हवें. आमचें दोनदां मध्येंच थांबलें, तिसऱ्या रात्रीं पार पडलें. एक्सपीची देखभाल मायक्रोसॉफ्टनें ८ एप्रिल २०१४ रोजीं बंद केली असल्यामुळें या आंतल्या संगणकाची इंटरनेटशीं गांठ मुळींच घातलेली नाहीं.

आतां काका सकाळीं टंकतात, आणि संध्याकाळीं सूनबाई त्याचें युनिकोड करून चुकलेले रफार वहीशीं ताडून पाहते. परवां एका शब्दावरून दोघांचें वाजलें. वहींत तो पुसट झालेला. काकांनीं डोळे मिटून ओवी म्हणून दाखविली, तेव्हां कोठें तो शब्द ठरला. वहीचीं अकरा पानें उरलीं आहेत.