पुणे-सोलापूर मार्गावरील पद्मिनी

हडपसर मागे पडले, लोणी काळभोरची गर्दी विरळ झाली आणि पुणे-सोलापूर महामार्ग मोकळा झाला, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या आसनावर सोलापूरचे मूळ रहिवासी असलेले वृद्ध कापडव्यापारी बसले होते. नातू गाडी चालवीत होता. प्रवास गावाकडच्या घराचा होता. पण त्यामागे एक अप्रिय निर्णय उभा होता. काटा 80 वर गेला की इंजिन आक्रोश करते, म्हणून शहरातील एका गॅरेजने इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही उघडण्याचा सल्ला दिला होता. तो खर्च ऐकून चिरंजिवांनी गाडी विकायचे ठरवले होते, आणि सोमवारी गिऱ्हाईक यायचे होते.

या घराचा पद्मिनीवरील लोभ केवळ सवयीचा नव्हता. 1882 साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 बाहेर पडू लागली, आणि तिचेच नाव सत्तरच्या दशकात पद्मिनी झाले. व्यापारी कुटुंबातील एका सोलापूरकराने देशाला मोटार दिली, ही गोष्ट आजोबांच्या पिढीने अभिमानाने सांगितली आहे. मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. घरोघरीच्या पद्मिनी मात्र अजून कुठेकुठे टिकून आहेत.

यवत, चौफुला मागे पडले. रस्ता सपाट, दुतर्फा ऊस. नातवाने डॅशबोर्डवर नवा टॅकोमीटर बसवला होता. 80 च्या वेगाला तो मिनिटाला 3100 फेरे दाखवीत होता.

"आजोबा, माझ्या गाडीचे इंजिन याच वेगाला किती शांत असते! इथे नक्कीच काहीतरी बिघडले आहे."

"तुझ्या गाडीला पाचवा गिअर आहे. हिला चारच. दोघींची तुलना कशी करतोस?" आजोबांनी शांतपणे विचारले. हिशेबाची वही ते प्रवासातही जवळ ठेवीत. "आधी वेग खरा आहे का ते पाहू. किलोमीटरचे दगड मोज."

एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत जाण्यास घड्याळाने 48 सेकंद लागले. म्हणजे ताशी 75 किलोमीटर. काटा पाचने पुढे धावत होता. हा पहिला धागा हाती आला.

दुसरा धागा एका उड्डाणपुलाच्या चढणीवर सापडला. ट्रकला मागे टाकण्यासाठी नातवाने पाय दाबला, आणि टॅकोमीटरची सुई एकदम 3800 वर चढली. वेग मात्र जागचा हलला नाही. किंचित करपट वासही आला. सपाटीवर स्थिर असणारे फेरे आणि चढणीवर उसळणारे फेरे या दोन निराळ्या तक्रारी आहेत, हे गॅरेजच्या सल्ल्यात कुठेच नव्हते.

पाटसच्या पुढे रस्त्याकाठी पत्र्याची एक शेड होती. तिथल्या वयस्क मिस्त्रींनी हत्यारांना हात लावण्याआधी खडू मागितला. टायरवर आणि जमिनीवर खूण करून त्यांनी गाडी चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ढकलवली आणि अंतर टेपने मोजले: 17 मीटर 40 सेंटिमीटर. एका फेऱ्याला 1.74 मीटर. मूळ उभट टायरांच्या जागी कधीतरी कमी उंचीचे टायर चढले होते. छोटे चाक तेवढ्याच वाटेसाठी जास्त फिरते, आणि चाकांचे फेरे मोजणारा वेगमापकही त्यामुळे फसतो.

मग पुढची चाके ठोकळ्यांनी पक्की अडवली. गिअर न्यूट्रल, हातब्रेक मोकळा. मागचे एकच चाक उचलून मिस्त्रींनी हाताने वीस फेरे दिले, आणि खाली वाकून नातवाने प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजले: 43. दुसरे चाक जमिनीवर स्थिर असल्याने डिफरेन्शियलमध्ये या विसांचे दहाच धरायचे असतात. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 4.3. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात. मग वहीतला हिशेब सोपा झाला. ताशी 75 म्हणजे मिनिटाला 1250 मीटर, भागिले 1.74, गुणिले 4.3. उत्तर 3090.

टॅकोमीटर 3100 दाखवीत होता.

नातू काही वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. सपाटीवर इंजिन आजारी नव्हते. गाडीची घडणच तशी होती. शिवाय बॉनेटखालचा नमदा झिजलेला, दाराची रबरे वाळलेली. त्यामुळे निम्मा आवाज आत शिरत होता. मूळ मापाचे टायर घातले तर शे-दीडशे फेरे कमी होतील, एवढीच सुधारणा त्या बाजूने शक्य होती.

चढणीवरची उसळी मात्र खरा दोष होता. मिस्त्रींनी क्लचचे पेडल बोटाने दाबले. "याला मोकळी चालच उरली नाही, शेठ. प्लेट झिजत गेली, जोडणी ताणत गेली. आता पाय काढला तरी क्लच पुरता बसत नाही." जोडणी सैल करून त्यांनी पेडलला थोडी मोकळी चाल दिली. प्लेट अखेरच्या दिवसांत आहे, सोलापूरहून परतल्यावर बदला, असेही बजावले. मजुरी मागितली ती आजोबांना इतकी कमी वाटली, की त्यांनी दुप्पट ठेवली आणि वाद होऊन अखेर दीडपट मान्य झाली.

पुढच्या चढणीवर नातवाने पुन्हा पाय दाबला. या वेळी सुई आणि वेग बरोबरीने वर गेले. भिगवणजवळ उजनीचे पाणी दिसले. हिवाळा असल्याने दूरवर रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ होती. इंदापूरच्या परिसरात वालचंदनगरची पाटी आली, तेव्हा आजोबांनी गाडी हळू करायला सांगितली, पण थांबवली नाही. आता ते 65 ने जात होते. फेरे 2700 च्या आसपास, आणि आतले बोलणे न ओरडता ऐकू येत होते.

टेंभुर्णी, मोहोळ करीत सोलापूर गाठले, तेव्हा सूर्यास्ताला पुरेसा अवकाश होता. आजोबांचे संध्याकाळचे जेवण वेळेत झाले. जेवणानंतर त्यांनी वहीत लिहिले: टायर चार, क्लच प्लेट एक, नमदा, दाराची रबरे. मग पुण्याला फोन लावला.

"सोमवारच्या गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळव."

"बाबा, इंजिनचे काय?"

"इंजिनला काही झालेले नाही. हिशेब घेऊन येतो, तो तूच तपास."