दोन संशयी माणसांचा व्यवहार

परक्या मनुष्याकडून जुनी वस्तू घेताना त्याच्या वाणीतील मार्दवावर विसंबू नये, हे बाजारात वावरलेल्या कोणासही ठाऊक असते. परंतु वस्तू सांगलीस, गिऱ्हाईक नागपुरास आणि दोहोंमधील परिचयाचे साधन म्हणजे मोबाइलच्या पडद्यावरील काही छायाचित्रे, अशी स्थिती असली म्हणजे वाणीखेरीज दुसरे काही हाती लागत नाही, आणि मग ते शहाणपण पाळणे किती जड जाते, याचा प्रत्यय मला २०२२ साली जुनी वॅगनआर खरेदी करताना आला.

प्रथम गाठ पडली ती एका अत्यंत मधुरभाषी विक्रेत्याशी. आपण सैन्यात आहोत, बदली झाल्यामुळे गाडी पडत्या भावाने काढली आहे, ती विमानतळावर उभी असून इसाराची रक्कम पोहोचताच घरपोच येईल, आणि पसंत न पडल्यास इसार तत्काळ परत मिळेल, असे सांगून त्या परताव्याची ‘सोय’ म्हणून त्याने एक क्यूआर कोड पाठविला व तो स्कॅन करून पिन घालण्याची विनंती केली. पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नव्हे, एवढे ज्ञान मजपाशी असल्यामुळे तो स्नेह तेथेच संपुष्टात आला.

सांगलीचे गृहस्थ याच्या अगदी उलट. साखर कारखान्यातील हे निवृत्त हिशेबनीस बोलण्यात इतके कोरडे, की गाडीची किंमत सांगण्यापूर्वी त्यांनी माझेच नाव, पत्ता आणि व्यवसाय यांची चौकशी केली. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ नोंदींत गाडीवर बँकेचा बोजा अद्याप दिसतो, हे मी निदर्शनास आणले, तेव्हा कर्ज केव्हाच फिटले असल्याचे तोंडी आश्वासन देण्याऐवजी, बँकेचा बेबाकीचा दाखला व नमुना ३५ आरटीओ कचेरीत दाखल करून तो बोजा त्यांनी, माझ्या मागणीची वाट न पाहता, उतरवून घेतला, आणि मगच इसार मागितला. हा क्रम मला फार आवडला.

खरी धास्ती होती ती पुराची. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांच्या वर मजल मारली होती, आणि त्या पाण्यात बुडालेली वाहने धुऊन-पुसून, रंगरंगोटी करून दूरच्या जिल्ह्यांत खपविली जातात, हे मी ऐकून होतो. गाडी पाणी येण्यापूर्वीच मिरजेस नातलगांकडे हलविली होती, असे हिशेबनीसांचे म्हणणे. त्यांनी विमापत्रे पाठविली. त्यांत नो क्लेम बोनस पन्नास टक्क्यांवर होता, आणि मधल्या एखाद्या वर्षी नुकसानभरपाई घेतली असती तर ती सवलत शून्यावर आली असती, हा पुरावा बोलका खरा, पण पुरता नव्हे, कारण भरपाई न मागताही गाडी बुडालेली असू शकते. म्हणून महाराष्ट्र एक्स्प्रेसने मी आणि माझे मेहुणे स्वतः सांगलीस गेलो, आणि मिरजेच्या एका जुन्या सहकाऱ्याने सुचविलेला, विक्रेत्याच्या ओळखीचा नसलेला मिस्त्री बरोबर घेतला. त्याने इंजिनाकडे ढुंकूनही न पाहता प्रथम सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ शोधली, मग पायाखालचा गालिचा उचलून पत्रा चाचपला, आसनांच्या खालच्या लोखंडी पट्ट्यांवरचा गंज पाहिला, आणि अखेर डिकीतील स्टेपनी काढून तिच्या खळग्यात बोटे फिरविली. धूळ होती, गाळ नव्हता. चॅसिस क्रमांकाची सतरा अक्षरे नोंदणीपुस्तकाशी मीच ताडून पाहिली. हिशेबनीस बाजूस खुर्ची टाकून स्वस्थ बसले होते; या साऱ्या झडतीने त्यांचा अपमान झाल्याचे यत्किंचित चिन्ह नव्हते.

अपमान वाटला तो आमच्या मेहुण्यांना, कारण बँकेमार्फत रक्कम पोहोचल्यावर हिशेबनीसांनी आमची झडती आरंभिली. नमुना २९ व ३० यांवर सह्या, आधारची प्रत, दोन साक्षीदार, आणि ताबेपावतीवर तारखेबरोबरच तास व मिनिटेही! “अहो, आम्ही काय गाडी घेऊन पळणार आहोत?” असे मेहुणे बोलून गेले. त्यावर ते शांतपणे म्हणाले, “पळालात तरी हरकत नाही साहेब, पैसे मिळालेत. पण वाटेत कुणाला धडकलात तर नोटीस माझ्या दारी येईल.” त्यांचे म्हणणे कायद्यास धरून होते, नोंदवहीत ज्याचे नाव, तोच भरपाईस जबाबदार मालक, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे. काचेवरचा स्वतःचा फास्टॅगही त्यांनी आमच्यादेखत खरवडून काढला. मला विचाराल तर त्या मधुरभाषी ‘सैनिका’च्या अगत्यापेक्षा हा अविश्वास मला कितीतरी सभ्य वाटला, कारण ज्याला हस्तांतरणाची खरोखर निकड असते, त्यालाच गिऱ्हाइकाची भीती वाटते, लुबाडणाऱ्याला ती वाटण्याचे कारणच नसते.

गाडी एकाच राज्यातील असल्यामुळे तिचा एमएच १० हा क्रमांक कायम राहिला. नाव मात्र बदलायचे होते, आणि त्यासाठी मला असलेली तीस दिवसांची मुदत हिशेबनीसांना बहुधा अमान्य असावी, इतका त्यांचा तगादा चालू झाला. नव्या नोंदणीपत्राचे छायाचित्र मी पाठविले, तेव्हा अभिनंदनाच्या जागी प्रश्न आला: विम्याच्या हस्तांतरणाचा अर्ज चौदा दिवसांत गेला ना? गेला होता. मी पोचपावतीही पाठविली.